सातव्या टोलीपासून

पुणे,
९ ऑक्टोबर २०२२

ति. केशवकाका यांस,
सा. न.

रत्नमालाताईंशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, बाबांना आता फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की ते हो म्हणतात. तुला खरंच हो हवं असेल तर कागदावर लिही. म्हणून लिहितो आहे. हाताने पत्र लिहायला बऱ्याच वर्षांनी बसलो, अक्षर सांभाळून घ्या.

मी भंडाऱ्याच्या लक्ष्मणराव हेडाऊंचा अंकुर. सुगत दर शनिवारी भंडाऱ्याला कॉम्प्युटर क्लासला यायचा आणि दुपारी आमच्याकडे जेवायचा. आई गेली दोन वर्षांपूर्वी. घरचे हातमाग त्याआधीच विकले. मी पुण्यातच असतो.

सुगत आणि मी २००२ ते २००४ या काळात ‘पाणीपाळी’ नावाचा एक खेळ बनवला होता, तो तुम्हाला आठवत असेल. एक तलाव, त्याच्या पाटावर ओळीने सात टोल्या, म्हणजे छोट्या वस्त्या. खेळणाऱ्याने एक टोली घ्यायची, बाकीच्या सहा कॉम्प्युटर चालवतो. पाणी कधी अडवायचं, कधी सोडायचं, कोणाशी सलोखा करायचा, बियाणं किती राखायचं, हे ठरवत वीस वर्षं काढायची. नागपूरच्या एका गृहस्थांनी तो सीडीवर घातला, काही शाळांत गेला आणि संपला, असं मी धरून चाललो होतो.

तो संपलेला नाही. जुने खेळ जमवणाऱ्या लोकांचा एक गट आहे, ते अजून खेळतात. कठीण आहे म्हणून त्यांना आवडतो. सातवी टोली आजवर कोणालाच वाचवता आलेली नाही, यावर ते पैजा लावतात. पण तो नव्या मशीनवर चालत नाही. त्यांनी माझ्याकडे सोर्स कोड मागितला आहे, म्हणजे ज्या ओळी लिहून खेळ बनला त्या मूळ ओळी. मुक्त परवान्याखाली त्या जाहीर केल्या की कोणीही वाचू शकेल, दुरुस्त करू शकेल, चालवू शकेल. नाहीतर सीड्या खराब होतील आणि खेळ जाईल.

कायदा असा आहे की ज्याने लिहिलं त्याची किंवा त्याच्या वारसाची परवानगी लागते. सत्यभामाकाकू सुगतच्या आधीच गेल्या, त्यामुळे त्याचे वारस तुम्ही. सोबत संमतीपत्र आहे. खूण केली आहे तिथे सही करून परत पाठवा. तिकीट लावलेला लिफाफा ठेवला आहे. केवळ औपचारिकता आहे.

तब्येतीची काळजी घ्या.

आपला,
अंकुर


सानगडी,
२१ ऑक्टोबर २०२२

चि. अंकुर यास,
सप्रेम जयभीम.

तुझे ९ तारखेचे पत्र १४ तारखेला मिळाले. सही केलेली नाही. कारणे लिहितो.

तुझ्या कागदावर सुगतच्या नावाआधी ‘कै.’ आहे. आमच्यात कै. लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. तू आमच्या घरी जेवलेला आहेस, तुला माहीत असायला हवे होते. पण ती मोठी गोष्ट नाही.

कागदावर ‘मूळ लेखक’ म्हणून तुझे नाव आहे आणि सुगतच्या नावापुढे ‘साहाय्य’ आहे. साहाय्य म्हणजे काय ते मला कळले नाही.

मी साकोलीच्या पोस्टात सदतीस वर्षे काम केले. कागद न वाचता अंगठा उठवायला आलेल्या माणसाला मी आधी बसवून वाचून दाखवत असे. औपचारिकता हा शब्द तेव्हा मीही वापरायचो.

आता तिसरे कारण. तुला माहीत आहे, सुगतला सिकलसेल होता. त्याची बोटे सुजत, दुखणे आले की पेन धरवत नसे. कॉम्प्युटर घरी नव्हता. तो खाटेवर पडून सांगायचा आणि मी वहीत उतरवून घ्यायचो, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, जशा तारा लिहितात तसे. तारेचा नियम असा होता की मजकूर जसा आहे तसा घ्यायचा, अर्थ लावायचा नाही. मला त्यातले काही कळत नव्हते. दोनशे पानी तीन वह्या झाल्या. त्या तो शनिवारी तुझ्याकडे आणायचा आणि तू टाइप करायचास. हे तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहिले.

१४ ऑगस्ट २००४ रोजी शनिवार होता. सुगत भंडाऱ्याहून रात्रीच्या आत परतला. चपला न काढता त्याने दुसरी वही काढली, एक पान पाहिले, वही बंद करून कपाटात ठेवली. मी विचारले, काय झालं. म्हणाला, काही नाही. त्यानंतर त्याने मला कधी काही उतरवायला सांगितले नाही. तो आणखी सहा वर्षे होता.

माझ्या हातून उतरवण्यात चूक झाली आणि तिच्यामुळे त्याचे काम बिघडले, असे मी तेव्हापासून धरून आहे. कोणते पान ते मला दिसले नाही. तू जे जाहीर करणार आहेस ते सगळे मला कागदावर छापून पाठव. मी वह्यांशी ताडून पाहीन. माझी चूक कुठे झाली ते कळल्याशिवाय सही होणार नाही.

तुझा लिफाफा ठेवून घेतला आहे.

केशवराव डोमाजी गणवीर


पुणे,
२ नोव्हेंबर २०२२

ति. केशवकाका यांस,
सा. न.

‘कै.’बद्दल माफी असावी. कागद मी एका तयार नमुन्यावरून केला. ‘साहाय्य’ हाही त्या नमुन्यातलाच शब्द. नवा कागद करेन तेव्हा दोन्ही बदलेन.

सोबतच्या पार्सलमध्ये दोनशे बारा पानं आहेत. अक्षर थोडं मोठं ठेवलं आहे.

परवान्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण औपचारिकता म्हणून पुन्हा काही पुढे करायला नको, म्हणून सांगतो. असे परवाने साधारण दोन जातीचे असतात. पहिल्यात ज्याला हवं त्याने घ्यावं, बदलावं, वाटलं तर आपल्याकडे कुलूपबंद करून विकावं, फक्त मूळ नावं तेवढी काढायची नाहीत. दुसऱ्यात घेता येतं, बदलता येतं, विकताही येतं, पण ज्याला द्याल त्याला ओळीही द्याव्या लागतात, आणि ज्या अटीवर तुम्हाला मिळालं त्याच अटीवर. मी पहिला निवडला आहे. छोटा आहे, कटकट कमी.

तुमच्या हातून चूक झाली असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशीचं मला नीट आठवत नाही. क्लासचे सेवकरामजी होते, चहा मागवला होता, पहिल्यांदा पूर्ण खेळ चालवून पाहिला. सुगत लवकर निघाला. पावसाचे दिवस होते. त्याला प्रवास सोसत नव्हता, त्यामुळे नंतर आला नाही, असं मी समजलो.

पानं तपासायची गरज आहे का, हे पुन्हा एकदा बघा. डोळ्यांना त्रास होईल.

आपला,
अंकुर


लाखनी,
१५ जानेवारी २०२३

अंकुर,

तुला तीनदा फोन केला. तीनदा ‘बघतो ताई’ म्हणालास. आता मीही कागदावरच लिहिते. आमच्या घरात त्याशिवाय काम होत नाही असं दिसतं.

मी दर रविवारी शाळेच्या वह्या घेऊन सानगडीला जाते. मी माझ्या तपासते, बाबा त्यांच्या. जेवण झालं की दोन वाजता ते बसतात ते पाचपर्यंत. डावीकडे वही, उजवीकडे तुझी पानं, हातात भिंग. ओळीवर पोस्टकार्ड ठेवतात आणि एकेक ओळ खाली सरकवतात. दिवसाला एक-दोन पानं, डोळे दुखले की तेही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं होतं, ते पुढे ढकलायला लावलं. मी म्हटलं, “बाबा, कायले डोळे फोडून राहिले?” तर म्हणाले, “टपाल आलं हाय. वाटल्याबिगर घरी जाता येत नाही.”

ते रडत नाहीत, चिडत नाहीत. आई गेली तेव्हाही असेच होते, सुगतच्या वेळीही. जेवायला बोलावलं की येतात. मला आता त्याचंही काही वाटेनासं झालं आहे, आणि तेच मला बरं दिसत नाही.

ऑगस्टनंतरची सहा वर्षं तुला माहीत नसतील. सुगतने माझ्या शाळेजवळ हायवेवर झेरॉक्सचं दुकान चालवलं. मशीन होतं, कॉम्प्युटरही होता. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. स्वतःचं एक अक्षर लिहिलं नाही. मी एकदा म्हटलं, “तुहा खेळ कुठं गेला रे?” तर म्हणाला, “तो अंकुरचा होता ताई, सीडीवर लिहिलं हाय.” हसत म्हणाला. तुझी सीडी मी पाहिली आहे. काय लिहिलं आहे ते मलाही माहीत आहे. बाबांना मी ती कधी दाखवली नाही.

२०१० मध्ये तुला कळवलं तेव्हाही तू ‘बघतो’ म्हणाला होतास. आला नाहीस. ते जाऊ दे.

बाबा ज्या पानासाठी हे सगळं करून राहिले ते पान तुला माहीत असेल, तर त्यांना सांगून टाक. एकशे चाळीस पानं अजून राहिली आहेत.

रत्नमाला


सानगडी,
११ फेब्रुवारी २०२३

चि. अंकुर यास,
सप्रेम जयभीम.

पान ८८ वर थांबलो आहे. पुढचीही पाहीन, पण हेच ते असावे असे वाटते. दुसऱ्या वहीत या मजकुराच्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे. मी वहीची पाने दुमडत नाही.

वहीत एक ओळ आहे. तिच्यात सात आधी आहे, एक नंतर, पुढे ‘स्टेप’ हा शब्द, मग एक आडवी रेघ आणि परत एक. तू पाठवलेल्या पानावर त्या जागी एक आधी आहे, सात नंतर. स्टेप नाही. आडवी रेघ नाही.

आतापर्यंत बारीकसारीक फरक अठरा सापडले. कुठे स्वल्पविराम, कुठे कंस. हा तसा नाही. पूर्ण ओळ उलटी आहे.

मी दोन शक्यता लिहितो. त्याने एक ते सात असे सांगितले आणि मी सात ते एक असे ऐकले. त्या वर्षी माझ्या उजव्या कानाला कमी ऐकू यायला सुरुवात झाली होती, मी घरात कोणाला सांगितले नव्हते. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपायचा, मी उजव्या बाजूला बसायचो. दुसरी शक्यता अशी की त्याने सात ते एक असेच सांगितले. मग छापील पानावर तसे का नाही, ते मला सांगता येत नाही.

पहिली खरी असेल तर तसे लिही. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. मला फक्त कोणती ते हवे आहे.

केशवराव


पुणे,
२६ मार्च २०२३

ति. केशवकाका यांस,

तुमचं पत्र येऊन सहा आठवडे होत आले. त्या काळात मी तुम्हाला चार पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. त्यातल्या एकातही मी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त खरं आलं नव्हतं.

दुसरी शक्यता बरोबर आहे. त्याने सात ते एक असंच सांगितलं. तुम्ही तेच ऐकलंत, तेच लिहिलंत. बदललं मी.

त्या पानावर पाण्याची पाळी ठरते. चांगल्या पावसाच्या वर्षी पहिल्या टोलीपासून सुरुवात होऊन पाणी सातव्या टोलीपर्यंत जातं. ते वर लिहिलेलं आहे. खाली कमी पावसाच्या वर्षाची ओळ आहे, तुम्ही सांगता ती. ती शेवटाकडून सुरू होते; तुम्ही लिहिलेली आडवी रेघ म्हणजे वजाची खूण, एकेक टोली मागे येण्यासाठी. आधी सातव्या टोलीला, मग सहाव्या, असं वर येत. मी टाइप करताना पाहिलं की वरची ओळ सरळ आहे आणि खालची उलटी. आधीच पाणी कमी, ते पाटाच्या शेवटाला आधी कोण पाठवेल? मी शहरातला. आमच्या घरी माग होते, शेत नव्हतं. मला ती चूक वाटली. आणि चूक कोणाची, तर उतरवणाऱ्याची. मला वाटलं, काकांना अर्थ कळत नाही, त्यांच्याकडून उलटं झालं. मी सरळ केलं. सुगतला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही.

१४ ऑगस्टचं मला सगळं आठवतं. मागच्या पत्रात नाही म्हणालो ते खरं नव्हतं.

खेळात चौथ्या वर्षी पाऊस कमी पडला. पाणी पहिल्या टोलीत शिरलं, दुसरीत, तिसरीत. चौथीनंतर पाट कोरडा. सातवी टोली पडद्यावर पिवळी पडत गेली. सुगत खुर्चीवरून पुढे वाकला.

“तू बदललं काय?”

मी म्हटलं, “बग होता बे. काकांनी उतरवताना उलटं केलं होतं.”

तो खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, “तुह्या घरी धोटा एकाच बाजूनं जाते काय रे?”

सेवकरामजी हसले. मीही हसलो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जातो आणि तसाच परत येतो तो; माग चालवणाऱ्याच्या पोराला मारलेला टोमणा, मला तेवढाच कळला. त्याने चहा संपवला आणि साडेचारची एसटी धरली. तुमची चूक होती का ते पाहायला तो घरी आला असेल. वही पाहिल्यावर त्याला कळलं असेल की नव्हती. ते त्याने तुम्हाला का सांगितलं नाही, हे मला माहीत नाही.

सीडीवर ‘अंकुर हेडाऊ आणि मित्र’ असं छापलं आहे. जागा कमी होती असं मी स्वतःला सांगत आलो. जागा होती.

सातवी टोली वाचत नाही, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते या ओळीमुळे. हे मला तुमचं पत्र आल्यावर कळलं. खेळ कठीण नव्हता.

सही मागण्यासारखं माझ्याकडे आता काही राहिलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी ते त्या लोकांना कळवेन आणि विषय संपेल.

अंकुर


सानगडी,
९ एप्रिल २०२३

चि. अंकुर यास,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळाले. दोनदा वाचले. त्या दिवशी संध्याकाळी काही वाटेल म्हणून बसून राहिलो. विशेष काही वाटले नाही. अठरा वर्षे एक गाठोडे उचलून चालले आणि कोणी म्हणाले, हे तुमचे नव्हते, तर खांदा लगेच सरळ होत नाही.

पाटाच्या शेवटाला आधी कोण पाठवेल, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर लिहितो.

आमच्या मूळ गावी तलाव आहे. त्याच्या पाटावर आमची बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, सगळ्यांत शेवटी होती. पाऊस कमी पडला की वरचे घेत आणि आमच्यापर्यंत चिखलही येत नसे. मी एकवीस वर्षांचा होतो त्या साली धान पोटरीवर असताना पाऊस गेला. माझे वडील डोमाजी तलावाच्या बांधावर, पारीवर गेले आणि तुडुमावर, म्हणजे जिथून पाणी सोडतात त्या दगडी तोंडावर, जाऊन बसले. तीन दिवस बसले. कोणाला शिवी दिली नाही. पाणी सोडायला आला त्याला एवढेच म्हणाले, “भाऊ, वरतून सोडशील त खाली येतच नाही. खालून मोजत ये, त सगळ्यायले पुरते. मोजून त पाय.” तिसऱ्या दिवशी लोकांनी मोजून पाहिले. पुरले. मग तलावाच्या वहीत लिहिले गेले की कमी पाण्याच्या वर्षी पाळी शेपटाकडून सुरू करावी. तो नियम तिथे पुष्कळ वर्षे चालला. आता बोअर झाले, पाळीला कोणी जात नाही, ती वहीही कोणाकडे नाही.

सुगत लहान असताना दुखणे आले की झोपत नसे. तेव्हा ही गोष्ट मी त्याला सांगायचो. त्याने ती त्यात घातली हे मला माहीत नव्हते. मी माझ्या हाताने ती ओळ लिहिली आणि माझ्या बापाची गोष्ट लिहितो आहे हे मला कळले नाही. तारेचा नियम पाळला.

त्याने मला का सांगितले नाही, हे मलाही माहीत नाही. सांगितले असते तर तुझे नाव घ्यावे लागले असते. किंवा बोलायचे त्राण नसेल. दोन्ही शक्यता लिहून ठेवतो. यातली खरी कोणती ते आता कळण्यासारखे नाही.

सगळी दोनशे बारा पाने पाहून झाली. एकूण फरक एक्केचाळीस. त्यातले नऊ माझ्या चुका आहेत. त्या तू टाइप करताना बरोबर केल्यास. आभारी आहे. यादी जोडली आहे.

तुझ्या पहिल्याच कागदावर सही करून पाठवत आहे, पण तीन अटी आहेत.

नावे दोन आणि सारख्या अक्षरांत. ‘मूळ’ नको, ‘साहाय्य’ नको.

परवाना दुसरा घे. घेतलेले पुढे सोडल्याशिवाय कोणाला घेता येणार नाही, असा तो आहे असे मला समजले. समजण्यात चूक असेल तर कळव.

पान ८८ वर वहीतली ओळ घाल. पण तुझी ओळ पुसू नकोस. पोस्टात चुकीची नोंद खोडरबराने काढली तर माणूस निलंबित व्हायचा. खाली वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, बाजूला बरोबर नोंद लिहायची, आणि ज्याची चूक त्याने तारीख घालून सही करायची. तुमच्यात तसे करता येत असेल तर कर.

चौदा तारखेला रत्नमालाकडे लाखनीला जयंतीला जाणार आहे. नंतर डोळ्याचे ऑपरेशन. पत्र उशिरा आले तरी चालेल.

केशवराव


पुणे,
२० मे २०२३

ति. केशवकाका यांस,
सा. न.

तुमचं समजणं बरोबर आहे. परवाना तोच घेतला.

आमच्यात तसं करता येतं. ओळीच्या आधी एक खूण टाकली की मशीन ती वाचत नाही, माणसाला मात्र वाचता येते. माझी ओळ तशीच ठेवली आहे. तिच्यापुढे लिहिलं आहे, ‘चूक. बरोबर ओळ खाली, वही क्र. २ प्रमाणे. चूक करणारा: अं. ल. हेडाऊ, ऑगस्ट २००४. सही: २ मे २०२३.’ तिच्याखाली सुगतची ओळ.

जाहीर करण्याआधी मी खेळ चालवून पाहिला. सातवी टोली घेतली. चौथ्या वर्षी पाऊस गेला. पाणी सातवीला आलं, मग सहावीला, असं वर चढत गेलं. पहिल्या टोलीपर्यंत पोचेपर्यंत थोडं कमी पडलं, तिची एक बांधी गेली. बाकी सगळ्या राहिल्या. मी थांबलो नाही, पुढची वर्षंही खेळलो. अकराव्या वर्षी पुन्हा तसंच झालं. विसाव्या वर्षी सातही टोल्या होत्या. सातही वाचल्या की शेवटी पडद्यावर काय येतं हे मी टाइप केलं असूनही मला आठवत नव्हतं. तो भाग सुगतने लिहिला होता आणि इतक्या वर्षांत तो कोणी पाहिला नव्हता. विशेष काही नाही. सात टोल्यांची नावं येतात आणि प्रत्येकीपुढे किती माणसं आहेत तो आकडा येतो.

६ मे रोजी सगळं जाहीर केलं. त्या गटातल्या काहींना आवडलं नाही. एकाने लिहिलं की हा आमचा खेळ नाही, सातवी वाचली तर खेळात राहिलं काय. मी त्याला पान ८८ पाहायला सांगितलं. दुसऱ्या एकाने विचारलं की डोमाजी कोण. कारण मी सुरुवातीला नावं लिहिली आहेत ती अशी: लेखन, सुगत केशवराव गणवीर व अंकुर लक्ष्मणराव हेडाऊ. हस्तलिखित प्रत, केशवराव डोमाजी गणवीर. हे शेवटचं तुम्ही सांगितलं नव्हतं. त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमची परवानगी असेल तर तुमच्या पत्रातला तेवढा मजकूर देतो.

पान ८८ नवं छापून सोबत पाठवतो आहे. डोळा बरा झाल्यावर पाहा.

जूनमध्ये भंडाऱ्याला येणार आहे. सानगडीला येईन म्हणतो. ‘बघतो’ असं लिहीत नाही.

आपला,
अंकुर


(पोस्टकार्ड)

सानगडी,
३ जून २०२३

चि. अंकुर यास,
सप्रेम जयभीम.

डोळ्याचे ऑपरेशन झाले. आज पट्टी काढून चौथा दिवस. भिंग लागले नाही.

माझे नाव घालायला सांगितले नव्हते. राहू दे. डोमाजींबद्दल विचारणाऱ्याला मजकूर देण्यास हरकत नाही. तीन दिवस बसले होते, हे गाळू नये.

येणार असशील तर रविवारी ये, रत्नमाला असते. तिकीट लावलेला तुझा एक लिफाफा माझ्याकडे शिल्लक आहे, तो नेशील.

पान ८८ मिळाले. वहीशी ताडून पाहिले. जुळते. आडवी रेघ जागेवर आहे.

केशवराव